फुटिंग भरण्याआधी एक फोन करा

प्रति,
नागपुरात प्लॉट खोदणारे बिल्डर, कंत्राटदार, साईट इंजिनिअर, सुपरवायझर, बोअरवेलवाले आणि विशेष करून पोकलेन-जेसीबी चालवणारे दादा लोक यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलेलं आहे. साईटभोवती लावलेल्या निळ्या पत्र्यांच्या फटीला डोळा लावून उभा, डोक्याला दुपट्टा, खांद्याला कापडी पिशवी, असा पन्नाशी उलटलेला माणूस दिसला असेल तर तो मीच. तुमच्या चौकीदारांनी आजवर मला महापालिकेचा माणूस समजून खुर्ची दिली आहे, माहिती अधिकारवाला समजून हाकललं आहे, आणि एकदा तर जुन्या मालकाचा भाऊ हिस्सा मागायला आला असं समजून थेट साहेबांना फोन लावला आहे. यांपैकी मी कुणीच नाही. मी विम्याच्या कचेरीत टेबलावर बसतो आणि सुटीच्या दिवशी दगड बघत हिंडतो.

हे पत्र तक्रारीचं नाही. म्हणजे एक तक्रार आहे, ती पुढे येईलच. पण मुळात ही विनंती आहे: फुटिंगच्या, म्हणजे खांबाच्या पायाच्या, तळाला पीसीसी (काँक्रीटचा पहिला थर) टाकण्याआधी एक फोन करा. तासाभरासाठी आम्हाला खड्ड्याच्या काठावर उभं राहू द्या. बस, एवढंच.

आता कशासाठी, ते सांगतो.

मागच्या वर्षी मार्चमध्ये काटोल रोडच्या बाजूला एका साईटवर दोन मजली बेसमेंटचं खोदकाम चाललं होतं. शनिवारची दुपार. मी नेहमीप्रमाणे फटीतून बघत होतो. समोरच्या भिंतीत वर काळी माती, तिच्याखाली पिवळा मुरूम, मुरमात कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले काळे गोटे, हे सगळं ओळखीचं. पश्चिम नागपुरात कुठेही खणा, हेच दिसतं. पण त्या गोट्यांच्या खाली एक फिकट पट्टा होता. राखाडी, कुठे हिरवट, मधेच पांढऱ्या कडक पाट्यांसारखे थर. आणि त्याच्याही खाली पुन्हा काळा दगड, पण हा वेगळा, भोकाभोकांचा, भोकांत पांढरं काहीतरी भरलेला.

मी इतका वेळ तिथे उभा राहिलो की शेवटी पोकलेनचा ऑपरेटरच मशीन बंद करून चहाला बाहेर आला आणि म्हणाला, "काय पाहून राहिले जी इतक्या वेळचे?"

"तो पांढरा पट्टा."

"थो? थो तं लय खराब हाय. बकेटचे दात घासून टाकले त्यानं." मग चहाचा घोट घेऊन, "शिंपल्यावानी काहीतरी हाय त्यात. पोरासाठी नेला एक गोटा. तुमाले पाह्यजे का?"

त्याने ढिगाऱ्यातून नारळाएवढा एक तुकडा उचलून दिला. मी घरी येऊन तो धुतला. ब्रशने माती निघाली तसे एकेक करून शंख दिसायला लागले, बोटाच्या पेरापेक्षा मोठे, गारेने, म्हणजे गारगोटीच्या दगडाने, भरलेले. एक जवळजवळ अख्खा सुटा होता. त्याचं टोक वर धरलं आणि तोंड आपल्याकडे केलं, तर तोंड डाव्या हाताला येत होतं. कधी नदीवर गेलात तर तिथल्या गोगलगाईचा शंख असाच धरून बघा, बहुतेक वेळा तोंड उजवीकडे येईल. डावखुऱ्या शंखाची एक गोड्या पाण्यातली जात आहे, फायसा म्हणतात तिला. आपल्या दगडांतल्या मोठ्या फायसाला जुन्या पुस्तकांत फायसा प्रिन्सेपी असं नाव आहे. नागपूरचा हा जुना रहिवासी. इतका जुना की त्याच्या काळात इथे गवत होतं, डायनासोर होते, आणि शेजारपाजारी लाव्हा वाहत होता.

मी रविवारी कामात अडकलो. सोमवारी कचेरीतून अर्धी सुटी काढून टेप, वही आणि भिंग घेऊन साईटवर गेलो. तळाला पीसीसी झालेली होती, त्या बाजूची भिंत सळ्या आणि शटरिंगने झाकलेली होती, आणि ढिगारा टिप्परने कुठल्याशा लेआऊटच्या भरावात गेला होता. सुपरवायझरने अगदी नीट बोलून सांगितलं, "सर, शनिवारी सांगितलं असतं तर थांबलो असतो ना." त्याचं म्हणणं खरंच होतं. मी शनिवारी सांगितलं नव्हतं, कारण पत्र्याबाहेरचा माणूस आत काय सांगणार! ही माझी तक्रार. ती निम्मी माझ्याविरुद्धच आहे.

आता त्या पट्ट्यात एवढं काय, ते थोडं सविस्तर सांगायला हवं. मी शिक्षक नाही, त्यामुळे जमेल तसं सांगतो.

तुम्ही ज्याला 'काळा दगड' म्हणता, ज्याची गिट्टी पडते, तो थंड झालेला लाव्हा. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबलचक भेगा पडून तो बाहेर आला आणि आजच्या जवळजवळ सगळ्या महाराष्ट्रावर पसरला. सह्याद्रीकडे त्याची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. नागपूर ही त्याची पूर्वेकडची कड. पोळीची कड पातळ असते तसं. म्हणूनच आपल्याकडे पंचवीस-तीस फुटांत त्याचे दोन-दोन थर दिसू शकतात.

हा लाव्हा एका दमात आला नाही. एक थर यायचा, निवायचा. मग कित्येक शतकं, कधी हजारो वर्षं काही नाही. त्या मधल्या काळात वरचा दगड कुजून माती व्हायची, पाऊस पडायचा, खोलगट जागी तळी साचायची. तळ्यात शेवाळ, मासे, बेडूक, आपला डावखुरा फायसा. काठाला ताडामाडाची झाडं. मग पुन्हा भेग उघडायची आणि पुढचा थर त्या तळ्यावर येऊन बसायचा. तो फिकट पट्टा म्हणजे ते तळं. दोन पोळ्यांच्या मधलं पुरण म्हणा. भूशास्त्रवाले त्याला इंटरट्रॅपियन म्हणतात. तुमच्या बकेटचे दात घासले ते त्यातल्या गारेमुळे. तळ्यातला गाळ पाण्यात विरघळलेल्या सिलिकाने भरून इतका कडक झाला की त्यात सापडलेल्या झाडांच्या पेशीसुद्धा सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. वनस्पतींच्या जीवाश्मांचे अभ्यासक बिरबल साहनींनी छिंदवाड्याकडच्या मोहगाव कलानच्या अशाच गारगोट्यांतून त्या काळच्या वनस्पती वाचल्या होत्या. छिंदवाडा म्हणजे आपल्या सावनेर-सौंसरच्या पुढे, दुपारचं जेवण करून परत येण्याएवढ्या अंतरावर.

आपल्या नागपुरात हे सगळं सविस्तर कुणाच्या लक्षात आलं? तर नागपुरात राहणाऱ्या दोन पाद्र्यांच्या. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर. हिस्लॉप १८४५ साली इथे आला. शाळा चालवायची, धर्माचं काम करायचं आणि उरलेल्या वेळात पायी फिरून दगड गोळा करायचे. छंदच तो, दुसरं काय? शहराच्या वायव्येला टाकळी होतं, आज आपण जिथे रिक्षावाल्याला पोलीस लाईन टाकळी म्हणून सांगतो तो भाग. तिथल्या थरात या दोघांना शंख, माशांचे खवले, किड्यांचे पंख, फळं-बिया सापडल्या. सीताबर्डीच्या टेकडीचा उभा छेदही त्यांनी मांडला, वर एक थर, खाली एक थर आणि मधे गोड्या पाण्याचा गाळ. १८५५ साली लंडनच्या भूशास्त्र परिषदेच्या नियतकालिकात त्यांचा नागपूर परिसराच्या दगडांवरचा लेख छापून आला. पुढे टाकळीच्याच थरात डायनासोरच्या अंड्यांच्या कवचाचे तुकडेही मिळाले. तुमच्या माझ्या घराखाली!

गंमत बघा, हिस्लॉपचा जन्म १८१७ चा, आणि त्याच साली नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली. ज्या टेकडीवर भोसल्यांची सत्ता निसटली त्या टेकडीच्या पोटातलं तळं पुढे त्याने वाचलं. किल्ला लष्कराकडे आहे, वर्षातून मोजकेच दिवस उघडतो. त्या दिवशी आत जाणारी माणसं तोफा बघतात, मी पायथ्याचा दगड बघतो आणि घरच्यांच्या शिव्या खातो.

हिस्लॉपचा शेवट मात्र मला तुम्हाला मुद्दाम सांगायचा आहे. आपल्याकडे जुन्या दगडी वर्तुळांच्या जागा बऱ्याच आहेत, जुनापाणीची तर सगळ्यांना माहीत आहे. तशीच टाकळघाटलाही आहेत. सप्टेंबर १८६३ मध्ये तिथलं खोदकाम बघून तो संध्याकाळी बोरीकडे परतत होता आणि पुराने भरलेल्या नाल्यात बुडाला. वय सेहेचाळीससुद्धा पूर्ण नव्हतं. म्हणजे आमच्या जमातीचा मूळपुरुष दुसऱ्याचा खड्डा बघायला गेला आणि परतलाच नाही. त्यामुळे सुरक्षेबद्दल तुम्ही दोन शब्द ऐकवले तर आम्ही वाईट वाटून घेणार नाही.

आता तुमच्या साईटचा पत्ता सांगा, मी खाली काय लागेल ते साधारण सांगतो. ही जादू नाही आणि प्रत्येक वेळी बरोबरही येत नाही.

शंकरनगर, सेमिनरी हिल्स, फुटाळा, अंबाझरीकडे गेलात तर काळा दगड. गिट्टीखदान हे नाव तर खदानीवरूनच पडलेलं आहे, आज तिथे खदान कमी आणि ट्रॅफिक जास्त. पण पूर्वेला, नंदनवन-कळमन्याच्या बाजूला काळ्या दगडाचा थर संपलेला असतो. तिथे आधी माती खूप खोल, आणि तिच्याखाली पांढऱ्या-गुलाबी पट्ट्यांचा, अभ्रकाने चमकणारा जो दगड लागतो, ज्याला साईटवर सगळे सरसकट 'ग्रॅनाईट' म्हणतात, तो नाईस नावाचा दगड. दीडशे कोटी वर्षांहून जुना. दोन साईटमध्ये दहा-बारा किलोमीटर अंतर, आणि दगडांच्या वयात एकशेचाळीस कोटींहून जास्त वर्षांचा फरक! हे एका शहरात, एका रिक्षाच्या भाड्यात. पुण्याच्या मित्रांना मी हे मुद्दाम ऐकवतो. त्यांच्याकडे कुठेही खणा, काळा तो काळाच.

उत्तरेला कामठी, कन्हान, सिलेवाड्याकडे वाळूचे दगड आणि त्यांच्या संगतीने कोळसा. सिलेवाड्याच्या जुन्या खदानीतून ग्लॉसोप्टेरिसच्या पानांचे ठसे निघालेत. जिभेच्या आकाराचं पान, मधोमध जाड शीर आणि दोन्ही बाजूंना जाळी. हे झाड डायनासोरच्याही आधीचं, सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचं. असंच पान दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, अंटार्क्टिकातही सापडतं, कारण तेव्हा ही सगळी जमीन एकत्र होती. त्या एकत्र भूखंडाला जगभर गोंडवन म्हणतात. गोंडांचं नाव. ज्या गोंडांच्या बख्त बुलंद शाहाने नागपूर वसवलं त्यांचं नाव अंटार्क्टिकाच्या दगडांना लागलंय, आणि आमच्या पोरांना शाळेत हे कुणी सांगत नाही. रामटेक-मनसरच्या बाजूला मँगनीजच्या खाणींत मिळणाऱ्या एका दगडालाही त्यांच्याच नावावरून गोंडाईट म्हणतात. हातात घेतला की अपेक्षेपेक्षा जड लागतो, आणि फरशीच्या मागच्या खरखरीत बाजूवर मँगनीजचा तुकडा घासला तर काळी रेघ उमटते. कधी बायकोचा ओटा वापरू नका. अनुभवाने सांगतो.

खाली वरोऱ्याच्या बाजूला पिसदुऱ्याला शेतात डायनासोरचं शेण मिळतं, दगड झालेलं. हसू नका. २००५ साली लखनौच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या शेणातून गवताचे सिलिकाचे सूक्ष्म कण काढून दाखवले. तोवर असा समज होता की गवत डायनासोर संपल्यानंतर फोफावलं. विदर्भातल्या एका शेतातल्या गोट्यामुळे जगाच्या पुस्तकांत दुरुस्ती करावी लागली. तो गोटा कुणी नांगरताना उचलून बांधावर फेकला असता, तर? हजारो फेकले गेलेच असतील म्हणा.

आणि शहर कुठलं, तर जिथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य क्षेत्राचं कार्यालय आहे, भारतीय खाण ब्यूरोचं मुख्यालय आहे, कोळशाची नि मँगनीजची मोठी मुख्यालयं आहेत, विद्यापीठात भूशास्त्राचा विभाग आहे. दगडांवर पोट भरणाऱ्या कचेऱ्यांचं एवढं दाट शहर देशात फार नसेल. पण ही मंडळी दूरच्या जंगलात नकाशे घेऊन फिरतात. धरमपेठेतल्या प्लॉटमध्ये तीन आठवड्यांसाठी उघडलेला खड्डा त्यांच्या वाट्याला येत नाही. तो तुमच्या वाट्याला येतो. शहर पूर्वी पडीक टेकड्या नि नाल्यांच्या काठाने आपोआप वाचता यायचं. आता नाल्यांना भिंती आल्या, टेकड्यांवर लेआऊट आले, टाकळीच्या मूळ जागेवर तर हिस्लॉप स्वतः आला तरी वाट विचारत फिरेल. आता दगड दिसतो तो फक्त तुम्ही खणता तेव्हा. आणि तुम्ही लगेच झाकता. झाकावंच लागतं, ते मला कळतं. म्हणून हे पत्र.

तुमच्या मनात काय येईल तेही मला ठाऊक आहे. "उद्या याने पेपरात दिलं आणि काम बंद पडलं तर?" शंखांच्या दगडामुळे कुणाची साईट बंद पडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. २०२२ साली केंद्राच्या खाण मंत्रालयाने भूवारसा जपण्यासाठी एका विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता, तोही मुख्यतः सरकारने जाहीर केलेल्या महत्त्वाच्या जागांसाठी. तुमच्या बेसमेंटवर कुणी पाटी लावायला येणार नाही. आम्हाला तो दगड जागेवर जपायचाच नाहीये, तिथे तुमची पार्किंग होऊ द्या. आम्हाला फक्त तो बघायचा आहे, मोजायचा आहे, आणि ढिगाऱ्यातून दोन तुकडे न्यायचे आहेत.

'आम्ही' म्हणजे कोण? सहा-सात जण. एक निवृत्त खाण अधिकारी, दोन कॉलेजची मुलं, एक दाताची डॉक्टर (तिच्याकडच्या जुन्या अवजारांनी शंख काय सुंदर सुटा होतो!), एक होमगार्ड, मी. आमच्यात तज्ज्ञ एकच, तो निवृत्त. बाकीचे चुका करत शिकलेले. मी चार वर्षं एक काळा, जड, बुडबुड्यांचा गोटा उल्का म्हणून शोकेसमध्ये ठेवला होता, पाहुण्यांना दाखवायचो. त्या निवृत्त साहेबांनी तो हातात घेतला, उलटा केला, आणि मला वाईट वाटू नये म्हणून थोडा वेळ गप्प राहिले. धातूच्या भट्टीतली मळी होती. आता तो गोटा दार उघडं ठेवायला वापरतो.

साईटवर आम्ही कसं वागू, ते लिहून देतो. हेल्मेट आमचं आम्ही आणू. खड्ड्यात उतरणार नाही, कापलेल्या भिंतीवर हातोडी मारणार नाही. भिंत कधी बसेल याचा नेम नसतो हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत. मशीन चालू असताना काठाजवळ येणार नाही. फोटो काढताना तुमचा बोर्ड येऊ देणार नाही, हवं तर तुम्ही स्वतः काढा आणि पाठवा. फोटोत भिंतीला लावलेली टेप किंवा निदान एक फावडं असू द्या, म्हणजे माप कळतं. विकण्यासाठी काही नेणार नाही. या छंदात विकणारेही आहेत, पश्चिम महाराष्ट्रातल्या खदानींतल्या स्फटिकांचा मोठा बाजार आहे, तो आमचा रस्ता नाही. आमच्या घरी संत्र्याचे रिकामे क्रेट आहेत, त्यांत रद्दीत गुंडाळून, क्रमांक घालून ठेवतो. उद्या कुठल्या अभ्यासकाला हवं असेल तर क्रेटसकट देऊ.

बोअरवेलवाल्या भावांसाठी थोडं वेगळं. तुमचं काम तर रात्रीतून उरकतं, गाडी आली, दोनशे-तीनशे फूट गेली, सकाळी दुसऱ्या गावी. पण ड्रिलमधून जो चुरा वर फेकला जातो त्यात सगळी गोष्ट असते. दर दहा फुटांना मूठभर चुरा एका पन्नीत, पन्नीवर मार्करने आकडा, एवढं जमलं तर सोनं. तुम्हाला हे नवीन नाही. जुन्या ड्रिलरांना रंगावरूनच कळतं. "पिवळं गेलं, काळं लागलं, लाल आलं की हुशार राहा," असं एकाने मला सांगितलं होतं. तो लाल म्हणजे दोन लाव्हांच्या मधली कुजलेली माती, आणि तिच्या खालच्या भोकाभोकांच्या दगडात पुष्कळदा पाणी असतं. पुस्तकात हेच लिहिलेलं आहे, फक्त लांबलचक वाक्यांत.

आणि फायदा फक्त आमचाच आहे असं नाही. काळा दगड लागला, पोकलेन अडली, म्हणजे 'हार्ड रॉक' आला असं धरून फुटिंग तिथेच बसवण्याचा मोह सगळ्यांना होतो. पण तो कडक थर कधी कधी तीन-चार फुटांचाच असतो आणि त्याखाली हे तळ्याचं पुरण असतं, ज्यात गारेच्या पाट्यांच्या मधे हिरवी-चॉकलेटी चिकणमाती असते. पाणी लागलं की फुगते, वाळली की आकसते. काळ्या मातीत भिंती कशा तडकतात हे नागपूरच्या माणसाला सांगायला नको. तुमच्या इंजिनिअरकडे माती परीक्षणाचा अहवाल असतोच, आमच्या वहीवर इमारत उभी करा असं म्हणत नाही. पण शेजारच्या प्लॉटमध्ये किती फुटांवर काय लागलं होतं, ही नोंद फुकट मिळत असेल तर घ्यायला काय हरकत आहे? आज प्रत्येक जण आपला खड्डा खणतो, बघतो आणि विसरतो. शेजारी पाच वर्षांनी तोच खड्डा नव्याने शोधतो.

फोन कुणाला करायचा? काटोल रोड ते हिंगणा रोडच्या मधल्या बऱ्याच चौकीदारांकडे माझा नंबर आहे, 'गोटेवाले काका' या नावाने. नसेल तर भूशास्त्र शिकवणाऱ्या कुठल्याही कॉलेजात सांगा, पोरं धावत येतील. शनिवारी दुपारी सांगितलंत तर उत्तम. सोमवारी सांगितलंत तरी येऊ. रात्री पीसीसी असेल तर रात्री येऊ, घरच्यांना सवय आहे.

त्या ऑपरेटर दादांना, हे पत्र त्यांच्यापर्यंत पोहोचलं तर, वेगळं सांगायचं आहे. तुम्ही पोरासाठी नेलेला गोटा जपून ठेवा. पोराला सांगा, शंखाचं टोक वर धर आणि तोंड कुठल्या हाताला येतं ते बघ. आणि एक मदत हवी आहे. तुम्ही दिलेला तुकडा माझ्याकडे चौदा नंबरच्या क्रेटमध्ये आहे. चिठ्ठीवर तारीख लिहिली, भाग लिहिला, 'फायसा, सात नग' असं लिहिलं. 'जमिनीपासून खोली' या रकान्यात अजून काही लिहिलेलं नाही, कारण पत्र्याच्या फटीतून तिरकं बघताना मला अंदाज आला नाही. तुमची बकेट तिथे पहिल्यांदा अडली तेव्हा साधारण किती फूट झालं होतं, आठवत असेल तर तेवढं कळवा.

आपला,
पत्र्याबाहेरचा एक गोटेवाला,
नागपूर